पाठमोरी पंगत

आई गेली तेव्हा माझ्या बाबांच्या उजव्या हाताचा नुसता अंगठा थरथरत होता. बोलता बोलता ते त्या अंगठ्यावर दुसरा पंजा ठेवायचे, समोरच्याला दिसू नये म्हणून. वर्षभरात थरथर मनगटात आली, मग कोपरापर्यंत चढली, आणि डावा हातही तिच्यात सामील झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या लिहून दिल्या, आणि हे बरं होत नाही, फक्त सावकाश वाढतं, हेही सांगून टाकलं. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सरळ सांगते डॉक्टर. चांगला हाय."

बाबांचं आयुष्य हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये गेलं. कापसाच्या गाड्या आल्या की प्रत ठरवायचं काम त्यांचं. गाडीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कापूस काढायचा, चिमूटभर पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, असं करत धागे एका रेषेत आणायचे आणि लांबी सांगायची. ओला कापूस ते गालाला लावून ओळखत. पुढे तपासायचं यंत्र आलं, तरी यंत्राचा आकडा बाबांना पटला नाही तर मालक यंत्र पुन्हा चालवायला लावत. अशा माणसाच्या हातून आता कपातला चहा बशीत आणि बशीतला पायजाम्यावर जाऊ लागला.

आई गेल्यावर ते हिंगणघाटला एकटेच होते. भाऊ पुण्याला, नोकरीत. त्याने बोलावलं, पण बाबा म्हणाले, "चौथ्या मजल्यावर मी कोनासंग बोलू?" मला सिंदीला दिलेली, रेल्वेची सिंदी म्हणतात ती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एके दिवशी बाबांच्या शेजारणीचा फोन आला की गॅसवरचं दूध उतरवताना त्यांनी पायावर सांडून घेतलंय. मी त्याच दिवशी हिंगणघाटला गेले, त्यांच्या भाजलेल्या पायावर मलम लावलं आणि त्यांची बॅग भरली. ते कॉटवर बसून बघत राहिले. "लेकीच्या घरी राह्यचं म्हणजे," एवढंच म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं.

आमच्या घरात तेव्हा मी, माझा नवरा आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, असे तिघंच होतो. मुलगी नागपूरला शिकायला. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, कधी कुठली पाळी असेल त्याचा नेम नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. मामाजी रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. तीस वर्षं फाटकाजवळच्या खोलीत एकटं बसून त्यांची बोलायची सवयच गेली असावी. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं चहा, गोळ्या, वीजबिल आणि "येतो" यापलीकडे गेलं नव्हतं. बाबा बॅग घेऊन ओसरीत अवघडून उभे राहिले तेव्हा मामाजी खुर्चीतून उठले, "या इवाई" म्हणाले, खुर्ची पुढे सरकवली आणि मागच्या अंगणात निघून गेले. इवाई म्हणजे आमच्याकडे व्याही. त्यांचं ते उठून जाणं मला टोचलं. वाटलं, सुनेचा बाप घरात आलेला यांना आवडलेला नाही.

म्हणून मी ठरवलं, बाबांचा कुणाला कशाचाही त्रास होऊ द्यायचा नाही. सांडलवंड नको, कुणाला पुसायला लागायला नको. मी वर्ध्याहून झाकणाचा, चोचीचा कप आणला. तो लहान मुलांचाच होता, निळ्या रंगाचा, पण उपयोगाचा होता. जेवताना बाबांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधायला लागले. भाकरी कुस्करून देऊ लागले, मग घास करून देऊ लागले, मग सरळ भरवायलाच लागले. शाळेत लहान पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेणं हे माझं रोजचं काम. एखाद्याचा हात चुकत असला की आपला हात त्यावर ठेवायचा, याशिवाय मला दुसरं काही सुचतच नसे.

बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. मी घास पुढे केला की तोंड उघडायचे. डोळे मात्र ताटात असायचे.

असे सहा महिने गेले. एका रविवारी मामाजींच्या भावाकडची मंडळी लग्नाचं आमंत्रण द्यायला आली. पाच-सहा जण ओसरीत बसलेले. बाबा धुतलेला सदरा घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर. पाहुण्यांसमोर तो निळा कप द्यायची मलाच लाज वाटली, म्हणून त्यांनाही कपबशी दिली. कुणीतरी विचारलं, "जिनिंगमदे होते ना तुमी?" बाबांचा चेहरा खुलला. ते सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांनी कप उचलला. कप बशीवर तडतडायला लागला. सगळे बोलायचे थांबले. सगळ्यांचे डोळे त्या कपावर. मी ट्रे टाकून धावले आणि कप धरला.

"बाबा, सोडा. मी पाजते."

"घेतो ना मी."

"अहो सांडेल. सोडा बरं."

त्यांनी सोडला नाही. क्षणभर आम्ही दोघांनी कप धरून ठेवला. मग त्यांनी एकदम सोडला, चहा हिंदकळला आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पसरला. एक बाई चुकचुकल्या. मी पदराने सदरा पुसत होते आणि बाबा माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. जिनिंगची गोष्ट अर्धीच राहिली. नंतर ती कुणी विचारलीही नाही.

त्या रात्रीपासून त्यांचं जेवण तुटलं. "मले भूक नाई," असं म्हणायचे आणि ओठ मिटायचे. मी समजावलं, रागावले, एकदा तर ताट आपटलं. "तुमच्यासाठी मी शाळेतून मरमर करत येते आणि तुम्ही असं करता!" ते म्हणाले, "तू जेवून घे." डॉक्टरांनी औषध बदललं. सदऱ्याच्या गळ्यातून त्यांची हाडं दिसायला लागली. मी पुण्याला भावाला फोन केला आणि दोघं भाऊ-बहीण आपापल्या टोकाला रडलो. दुसरं काय करणार होतो?

दुपारचं दोघा म्हाताऱ्यांचं जेवण मी सकाळी करून झाकून ठेवायची. भाकरी, वरण, एखादी मऊ भाजी. संध्याकाळी शाळेतून आले की भांडी घासून पालथी घातलेली असायची. मामाजी आपलं ताट नेहमीच धुऊन ठेवत, त्यात नवल नव्हतं. पण सगळंच संपलेलं असायचं, बाबांच्या वाट्याचंसुद्धा. आणि बाबा तर संध्याकाळी घासाला शिवत नव्हते. हळूहळू माझ्या मनात एक गोष्ट घर करू लागली. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटायला लागलं की मामाजी बाबांच्या वाट्याचंही खातात. म्हातारा माणूस, दिवसभर दुसरं काम नाही, हा जेवत नाही तर आपण संपवून टाकू, असं. त्यात रविवारी मी बाबांना भरवायला बसले की मामाजी आपलं ताट उचलून मागच्या अंगणात जायचे. बाबांचं सांडणं त्यांना बघवत नाही, किळस येते, असा मी अर्थ लावला होता. दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर माझ्या मनात त्यांचं जे चित्र तयार झालं ते भयंकर होतं. नवऱ्याला एकदा अर्धवट बोलले. तो म्हणाला, "बोलू का मी आमच्या बाबांशी?" मी नको म्हटलं. बोलायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

मग एके दिवशी तालुक्याला शिक्षकांची बैठक होती, ती लवकर आटोपली. दीड वाजता मी सिंदीला उतरले. उन्हाळा लागलेला, रस्त्यावर माणूस नव्हतं. खरं सांगते, मी घाई करत घरी गेले ती पकडायलाच. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. चपला हातात घेऊन आत शिरले. स्वयंपाकघर रिकामं. मागच्या दाराशी गेले आणि थबकले.

अंगणात सीताफळाच्या झाडाखाली बाज टाकलेली होती. बाजेवर दोघं म्हातारे बसले होते, पाठीला पाठ लावल्यासारखे. बाबांचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे, मामाजींचं घराकडे. बाबांच्या पुढ्यात जुन्या स्टुलावर ताट, खाली जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली. बाजूला पाण्याचे दोन गिलास, दोन्ही अर्धेच भरलेले. गळ्यात टॉवेल नव्हता. बाबा नुसत्या बंडीवर, आपल्या हातानं जेवत होते.

जेवत होते म्हणजे काय, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भाकरीचा तुकडा चिमटीत धरायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. तो वरणात बुडवला तेव्हा वरण ताटाबाहेर उडालं. हात वर निघाला, थरथरत, एकदा हनुवटीवर आपटला, तुकडा मांडीवर पडला. बाबांनी तो मांडीवरून उचलला, पुन्हा वर नेला, आणि तोंड पुढे करून ओठांनी पकडला. मग चघळत बसले. त्यांच्या बंडीवर, मांडीवर, खालच्या कागदांवर सगळीकडे सांडलेलं होतं. मुंग्या लागलेल्या होत्या.

आणि ते बोलत होते.

"...गाडीवाला शपथ घे, मालक, पान्याचा थेंब नाई मारला. मी काई बोललो नाई. पुंजका काढला, गालाले लावला, आन् त्याले म्हनलं, बाबू, तुह्या गावात रात्री पानी आलतं का? तर तो म्हने, नाई. मी म्हनलं, मंग हा कापूस काय इहिरीत झोपला होता?"

मामाजी हसले. मामाजींना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाबाही हसले, आणि हसताना हात जरा स्थिर झाला की काय, पण पुढचा घास पहिल्याच फेरीत तोंडात गेला. मामाजी मांडीवर सुतळी घेऊन बाजेच्या पायथ्याची दोरी वळत होते. एकदाही मागे वळून बघत नव्हते. बाबांच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला तरी नाही.

बाबांचा हात पुन्हा अडला. मी एक पाऊल पुढे टाकलं. माझं अंगच तसं झालेलं, हात चुकला की धावायचं. तेवढ्यात मामाजींनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा घराकडेच होता. ते उठले नाहीत, बोलले नाहीत. दोरीवरचा हात काढून नुसता तळवा थोडासा वर केला. थांब.

आणि बाबांना म्हणाले, "मंग? मंग काय म्हने तो?"

मी थांबले. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. माझ्यापासून दहा पावलांवर माझे वडील एक भाकरी खायला झगडत होते, माझे दोन्ही हात धडधाकट होते, आणि मी काहीही करायचं नव्हतं. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पाण्याचा गिलास त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, अर्धा होता म्हणून सांडला तो थोडासाच. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक ओढायचीही सोय नव्हती, कारण त्यांना ऐकू गेलं असतं. शेवटी मी चपला हातात घेऊन आले तशी परत फिरले, पुढचं दार हळूच लोटलं आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसले. पाच वाजता रोजच्यासारखी घरी आले. भांडी घासून पालथी घातलेली होती. अंगणात वर्तमानपत्राचा कपटाही नव्हता. बाबा पंख्याखाली पडून होते. "आज काय खाल्लं बाबा?" असं रोजच्या सवयीने विचारलं. ते म्हणाले, "खाल्लं थोडंसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी नळाचं पाणी भरत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"मामाजी, मले काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी बादली उचलून बाजूला ठेवली, दुसरी लावली. "काय सांगू?"

"हेच. बाबा जेवतात ते."

"तू मनापासून करून राह्यली होती. तुले सांगतलं असतं तर तू रडली असती. मंग इवाईले वाटलं असतं, आपल्यापायी पोरगी रडून राह्यली. ते अजूनच जेवले नसते."

"तुम्हाला कसं समजलं? पाठ करून बसायचं ते?"

"मले काई समजलं नाई," मामाजी म्हणाले. "एक दिवस मी तिकडं तोंड करून दोरी वळून राह्यलो होतो. माह्यं ध्यानच नोतं. मागं पाह्यलं तर इवाईनं अर्धी भाकर खाल्ली होती. मी पाह्यलं तसा हात पुन्हा हालायले लागला. मंग मी पाह्यनंच बंद केलं." बादली सरळ करत म्हणाले, "कोनी पाहून राह्यलं का जास्त हालते तो हात. मानूस जेवते तवा कोनी तोंडाकडं पाहू नये सूनबाई. तुह्याकडं कोनी पाह्यलं तर तुले जाईन का घास?"

वीस वर्षांत ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. रविवारी ते ताट घेऊन मागे का जात होते, हे मला विचारावं लागलं नाही. मी त्यांच्याबद्दल काय समजत होते ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. कसं सांगणार?

निळा कप मी शाळेच्या अंगणवाडीत देऊन टाकला. गिलास अर्धा भरायला शिकले. संध्याकाळी बाबांचं ताट वाढून ठेवायचं आणि आपण ओट्याकडे तोंड करून कणीक मळायची, भाजी निवडायची, एखादं धुतलेलं भांडं पुन्हा धुवायचं. ऐकताना सोपं वाटतं. माझ्या पाठीला जणू कान फुटले होते. चमचा ताटावर खटखटला की मान वळायची. एकदा वळलीच. बाबांचा हात हवेत अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी तो परत ताटात ठेवला. त्यानंतर त्या दिवशी जेवले नाहीत. मामाजी जे बसल्या जागी करत ते मला कधी पुरतं जमलं नाही. ते बोलत राहत. माझा आवाज अडकायचा आणि बाबांना कळायचं की ही तिकडे तोंड करून रडतेय. एकदा तेच म्हणाले, "तू जाय बाहेर जराशी. इवाईले पाठवजो." मी गेले. आपल्या बापाला आपल्यापेक्षा सासऱ्याची सोबत बरी वाटते, हे मी बाहेरच्या ओट्यावर बसून गिळलं.

थोडं वजन वाढलं. चारेक महिने बरे गेले. मग आजार पुढे सरकला, कारण तो सरकणारच होता. आवाज बारीक होत गेला, शब्द ओठांतच विरायला लागले. चालताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं. जेवायला तास तास लागायचा, भाकरी सुटली, वरणात कालवलेला मऊ भात तेवढा उरला. तरी चमचा त्यांच्याच हातात असायचा. मामाजी पाठ करून तासभर बसायचे. आता गोष्टी मामाजींना सांगाव्या लागत, कारण बाबांना खाणं आणि बोलणं दोन्ही एका वेळी जमत नव्हतं. तीस वर्षं न बोललेला माणूस फाटकावरून गेलेल्या मालगाड्यांच्या गोष्टी सांगत बसायचा.

दिवाळीत भाऊ दोन दिवसांसाठी पुण्याहून आला. बाबांना पाहून तो दारातच गळाला. त्याने त्यांना वर्षभर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, आणि फोनवर मी त्यांना बसवून, केस विंचरून दाखवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचं ताट मांडलं. मामाजी आपल्या जागेवर, पाठ करून. भाऊ आत आला, बघितलं, आणि मला म्हणाला, "ताई, हे काय? हे एकटे जेवतात? कुणी बघतसुद्धा नाही त्यांच्याकडे?"

मी त्याला बाजूला घेणार होते. पण तो तोवर बाबांच्या पुढ्यात मांडी घालून बसला होता. त्याने त्यांच्या हातातला चमचा अलगद काढून घेतला. "द्या बाबा. मी भरवतो."

मामाजी मागे वळले नाहीत. मी दारात उभी. भावाचे डोळे भरलेले. तो अगदी मी होते तसाच दिसत होता. काय म्हणायचं? नको भरवूस? बापाला भरवू नकोस?

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

एक घास. दुसरा. भाऊ भात कालवून मोठे मोठे घास देत होता, मध्ये मध्ये डोळे पुसत होता. बाबा गिळत होते. ताट संपलं तेव्हा भावाने आणखी वाढायला सांगितलं. मी नको म्हटलं तर तो म्हणाला, "खाताहेत ना ते! तू फोनवर म्हणायचीस खात नाहीत. बघ, ताट चाटूनपुसून साफ." बाबांनी तेही खाल्लं. भावाच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की बघवत नव्हतं. माझ्या मनात मात्र कडूच आलं. माझ्या घासाला ओठ मिटणारे बाबा याच्या हातून ताटभर जेवले. मुलगा शेवटी मुलगा.

भाऊ तिसऱ्या प्रहरी त्यांची औषधं आणायला वर्ध्याला गेला. मी बाबांचं तोंड पुसायला बसले आणि माझ्याने राहवलं नाही.

"बाबा, माझ्या हातून तुम्ही घेत नव्हते. त्याच्या हातून कसं घेतलं?"

उत्तर यायला फार वेळ लागला. तोवर मी वाट बघायला शिकले होते, तेवढं तरी शिकले होते. कान त्यांच्या ओठांजवळ नेला.

"त्याले... दोनच दिवस हायेत," बाबा म्हणाले. "त्याले काईतरी करू... द्या लागते."

पुन्हा त्यांचे ओठ हलले.

"तुले बी... करू देलं ना. सहा महिने."

मी टॉवेल हातात धरून तशीच बसले. त्या सहा महिन्यांत रोज सकाळ-संध्याकाळ ते तोंड उघडत होते, ताटात बघत. मी समजत होते, मी त्यांचं करतेय.

थोड्या वेळाने त्यांना उलटी झाली. पोटाला सवय नव्हती तेवढ्याची. दुपारचं सगळं बाहेर आलं, चादरीवर, अंगावर, आणि ते घाबरून माझं मनगट धरून बसले. मी आणि मामाजींनी मिळून त्यांना स्वच्छ केलं. मामाजींनी चादर नळाखाली नेऊन धुतली, दोरीवर टाकली, फरशी पुसली. बाबा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. आधी कळला नाही. मग कळला. "त्याले... नोको." त्याला सांगू नको.

भाऊ परत आला तेव्हा बाबा धुतलेल्या सदऱ्यात झोपले होते. त्याने ओली चादर पाहून विचारलं तर मामाजी म्हणाले, "पानी सांडलं माह्या हातून." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो पुण्याला गेला. जाताना बाबांना म्हणाला, "असंच जेवत जा." बाबांनी मान हलवली.

त्यानंतर थंडीत त्यांना गिळताच येईना. दवाखान्यात नाकातून नळी घातली. तीन आठवडे ते नळीवर होते. चमचा नाही, घास नाही, बघायचं नाही की पाठ करायची नाही. मी आणि मामाजी आलटून पालटून त्यांच्याजवळ बसायचो, आणि करण्यासारखं दोघांकडेही काही नसायचं. मी त्यांचा हात हातात घेऊन बसायची. तो माझ्या हातातही थरथरतच असायचा. एका पहाटे तो थांबला.

भाऊ दरवर्षी त्या तिथीला मला फोन करतो. यंदाही केला. आम्ही दोघं बाबांबद्दल बोललो, हिंगणघाटच्या घराबद्दल, आईबद्दल बोललो. मग तो दरवर्षी म्हणतो तेच म्हणाला.

"ताई, मी त्यांचं काहीच करू शकलो नाही. पण त्या दिवाळीत माझ्या हातून ताटभर जेवले ना ते? तेवढं एक समाधान आहे बघ."

"हो रे," मी म्हटलं. "पोटभर जेवले."